यंत्रे इंग्रजी बोलतात, ती समजून घ्या

कापड बाजारातील आमच्या दुकानात २००९ साली पहिला कॉम्प्युटर आला. त्याच वर्षी ईदनंतर चार-सहा दिवसांनी एके सकाळी तो अडून बसला. कॉम्प्युटर चालवणारा मुलगा गावी गेलेला. आम्ही स्वतःच पुढे झालो आणि जुन्या हिशेबाची जपून ठेवलेली प्रत त्यात घातली. पडद्यावर एक प्रश्न उमटला, ‘ओव्हरराइट?’ आणि खाली दोन खुणा, ‘यस’ आणि ‘नो’.

आमचे शिक्षण उर्दू माध्यमाचे. इंग्रजी पाचवीपासून होते, पण पाठ करण्यापुरते. ‘मॅच ओव्हर’ म्हणजे मॅच संपली, हे ठाऊक होते. ‘राइट’ म्हणजे लिहिणे, हेही ठाऊक होते. तेव्हा ‘लिहिणे संपले, आता पुढे जायचे का?’ असा अर्थ आम्ही लावला आणि ‘यस’ दाबले. खरा अर्थ असा होता की नव्या लिखाणावर जुने लिखाण चढेल आणि नवे पुसले जाईल. रमजान धरून दोन महिन्यांची उधारी एका बोटाने पुसली गेली. वडिलांच्या वेळेपासून चालत आलेली उर्दूतील कच्ची वही होती म्हणून निम्मी उधारी जुळली. काही गिऱ्हाइकांनी आपण होऊन रक्कम सांगितली. बाकीची गेली.

दोष कॉम्प्युटरचा नव्हता. त्याने विचारूनच काम केले. प्रश्न न समजता उत्तर आम्ही दिले. व्यापारी बांधवांनो आणि कारागीर बंधूंनो, हा तजुर्बा सांगण्याचे कारण इतकेच, की आज आपल्या गल्ल्यावर, मागावर, शिलाईच्या टेबलावर जी यंत्रे आहेत त्यांतील बहुतेक इंग्रजीत बोलतात. ती काय म्हणतात हे न समजता आपण त्यांच्यावर रोजी अवलंबून ठेवली आहे.

रोबोट म्हणजे काय?

रोबोट म्हटले की सिनेमातील लोखंडी माणूस डोळ्यांसमोर येतो. हा शब्द मूळचा इंग्रजी नाही. चेक भाषेतील लेखक कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकातून तो जगभर गेला. शब्द सुचवला त्यांचे बंधू योसेफ यांनी. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदारासाठी सक्तीने करावी लागणारी मजुरी. आपल्याकडे यालाच वेठ म्हणतात. म्हणजे रोबोट हा वेठबिगार झाला. फरक एवढाच, की तो माणूस नसून यंत्र आहे.

कारखान्यातील पहिला रोबोट ‘युनिमेट’ १९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात बसला. साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलून ठेवणे, हे त्याचे काम. त्याला चेहरा नव्हता, पाय नव्हते, फक्त एक हात होता.

साध्या भाषेत सांगायचे तर यंत्राच्या चार पायऱ्या असतात. पहिली, माणसाच्या ताकदीने चालणारे हत्यार. दुसरी, वाफेच्या किंवा विजेच्या ताकदीने चालणारे यंत्र. तिसरी, आधी लिहून दिलेला हुकूम पाळणारे यंत्र. चौथी, स्वतःवर नजर ठेवणारे आणि चूक झाली की थांबणारे यंत्र. शेवटच्या तिन्ही एकत्र आल्या की तो रोबोट, मग त्याचा आकार कसाही असो.

स्वतः चालणाऱ्या यंत्रांची हौस जुनी आहे. आजच्या तुर्कस्तानातील दियारबकरच्या दरबारी असलेले अल-जजरी यांनी १२०६ साली यंत्रविद्येवरील आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यात वुजूसाठी पाणी देणारी यंत्रे आणि हत्तीच्या आकाराचे घड्याळ यांची रचना आकृत्यांसह दिली आहे. लिहून ठेवले म्हणूनच आठशे वर्षांनंतरही कारागिरांना ती यंत्रे पुन्हा बनवता आली.

या चारही पायऱ्या मागावर दिसतात

आपला धंदा कापडाचा, म्हणून उदाहरणही मागाचेच घेऊ. १७३३ साली इंग्लंडमध्ये जॉन के यांनी दोरीच्या झटक्याने पळणारा धोटा काढला. १७८५ साली कार्टराइट यांनी यंत्रमागाचे पेटंट घेतले. १८०४ साली फ्रान्समधील लियों शहराच्या जॅकार्ड यांनी भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारी जोडणी बनवली. तिची युक्ती समजण्यास सोपी आहे. पुठ्ठ्यावर भोक असेल तेथे सुई आत जाते आणि ताण्याचा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तेथे धागा खालीच राहतो. बाणा त्यांच्यामधून जातो आणि फूल उमटते. आपण विकतो त्या सोलापुरी चादरीवरील नक्षी याच तत्त्वाने विणली जाते. पुढे भोकांच्या याच कल्पनेवर अमेरिकेत १८९० सालच्या जनगणनेचा हिशेब झाला आणि तो रस्ता कॉम्प्युटरपर्यंत गेला.

आपला जिल्हाही यात मागे नव्हता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल नावाचे इंजिनिअर अहमदनगरात (२०२४ पासून सरकारी कागदांत अहिल्यानगर) हातमाग सुधारण्याच्या कामाला लागले होते. त्यांचा माग ‘चर्चिल माग’ म्हणून ओळखला गेला. याच सुमारास, १९०४ साली, इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी तेथील पहिला यंत्रमाग बसवला. मालेगाव आणि भिवंडीच्या मोमीन-अन्सारी विणकरांनीही पुढे यंत्रमाग आपलासा केला, म्हणूनच ती गावे आज कापडाची गावे आहेत.

माग आणि गल्ल्यावरचा चौकोन

चौथ्या पायरीची गोष्ट जपानची आहे. सुताराचा मुलगा साकिची टोयोडा आपल्या आईला मागावर राबताना पाहत मोठा झाला. १९२४ साली त्याने असा माग पूर्णत्वास नेला की सूत संपले की धोटा आपोआप बदले आणि धागा तुटला की माग स्वतः थांबे. तुटलेला धागा ओळखायची युक्ती अगदी साधी आहे. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ पत्री लटकलेली असते. धागा तुटला की पत्री खाली पडते आणि माग बंद होतो. एका माणसाला अनेक मागांवर नजर ठेवता येऊ लागली.

या मागाचे हक्क १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने विकत घेतले. साकिचीच्या मुलाने मोटारींचे काम सुरू केले आणि १९३७ साली टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली. तिच्यातून १९४९ साली डेन्सो ही सुट्या भागांची कंपनी वेगळी झाली. त्याच डेन्सोमध्ये मासाहिरो हारा यांनी १९९४ साली मोटारीच्या भागांची नोंद ठेवण्यासाठी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन तयार केला. तोच क्यूआर कोड. २०१६ साली यूपीआय आल्यावर हा चौकोन आपल्या प्रत्येकाच्या गल्ल्यावर येऊन चिकटला. म्हणजे कापड विणणाऱ्यांच्या घराण्यातील वस्तू फिरून कापड विकणाऱ्याच्या दारी आली! गिऱ्हाइकाने पैसे पाठवले की शेजारचा डबा मराठीत रक्कम बोलतो, पण फोनच्या पडद्यावरील शब्द बहुधा इंग्रजीच असतात. आपण फसतो ते तेथेच.

शब्द हत्याराबरोबर येतो

इंग्रजीची भीती बाळगणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नवे हत्यार आले की त्याचे नाव त्याच्याबरोबर येते. दर्जी, रफू, कारखाना, कारीगर हे शब्द फारसीतून आले आणि मराठीत इतके मुरले की परके वाटत नाहीत. साडीचा ‘पिको’ फ्रेंच आहे. बॉबिन, शटल, बीम, ओव्हरलॉक, काउंट हे इंग्रजी. ज्या उस्तादाला इंग्रजीची एक ओळ वाचता येत नाही, त्याच्या तोंडीही असे पन्नास-साठ शब्द रोज असतात. म्हणजे सुरुवात शून्यातून करावयाची नाही. जे शब्द कानाला माहीत आहेत ते डोळ्यांना ओळखता यावेत, एवढेच करायचे आहे.

मात्र धंद्यातील अर्थ आणि शब्दकोशातील अर्थ वेगळे असतात. ‘पिक’ म्हणजे शब्दकोशात उचलणे, मागावर मात्र बाण्याचा एक धागा. ‘शेड’ म्हणजे छपरी, मागावर ताण्याचे धागे वर-खाली झाल्यावर मध्ये पडणारी वाट. ‘बीम’ म्हणजे तुळई किंवा किरण, मागावर ताणा गुंडाळलेला रूळ. फोनचा कॅमेरा इंग्रजी अक्षरांवर धरला की मराठी किंवा उर्दू अर्थ दिसतो. सोय चांगली आहे, आम्हीही वापरतो. परंतु फोन विणकर नाही, तो शब्दकोशातील अर्थ देतो. म्हणून अर्थ फोनला विचारावा आणि खात्री उस्तादाकडून करून घ्यावी.

माल घेतानाही हेच. सुताचा ‘काउंट’ वाढला की सूत बारीक होते. २० पेक्षा ४० काउंटचे सूत बारीक. ‘डेनियर’चे उलटे आहे, आकडा वाढला की धागा जाड. ‘जीएसएम’ म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन. ‘प्री-श्रंक’ म्हणजे आधीच आकसवून घेतलेले कापड. हे चार शब्द न कळणारा व्यापारी भावात घासाघीस करतो आणि मालात मार खातो.

काय करावे?

आमच्या दुकानात नुकसानीनंतर जी पद्धत पडली ती सांगतो. तिला खर्च एका वहीचा आहे.

पहिले, एका वेळी एकच यंत्र घ्यावे. त्यावर, त्याच्या पडद्यावर जे शब्द दिसतात ते जसेच्या तसे वहीत उतरवावेत. समोर उच्चार आणि अर्थ मराठीत किंवा उर्दूत लिहावा. घरात शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर हे काम त्यांना द्यावे. आपल्या मुली अभ्यासात पुढे आहेत, त्यांना उस्ताद करण्यात कमीपणा मानू नये. आमच्या वहीतील पहिली पाने आमच्या मुलीच्याच अक्षरातील आहेत.

दुसरे, धोक्याचे शब्द आधी शिकावेत. ‘इमर्जन्सी स्टॉप’ म्हणजे ताबडतोब बंद करण्याची कळ. ती कोठे आहे हे नव्या शागीर्दाला पहिल्याच दिवशी दाखवावे. ‘ओव्हरलोड’ म्हणजे ताकदीबाहेर भार. ‘थ्रेड ब्रेक’ म्हणजे धागा तुटला. ‘डिलीट’ म्हणजे पुसणे, ‘सेव्ह’ म्हणजे जपून ठेवणे, ‘कॅन्सल’ म्हणजे रद्द. ‘रीसेट’ म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. काही यंत्रांत त्याने आपण भरलेली सगळी मापे जातात.

तिसरे, पैशाचे शब्द. ‘सक्सेसफुल’ म्हणजे व्यवहार पूर्ण झाला. ‘पेंडिंग’ म्हणजे अडकला आहे, ‘फेल्ड’ म्हणजे झालाच नाही. गिऱ्हाइकाच्या फोनवर ‘पेंडिंग’ दिसत असताना कापड बांधून देऊ नये. आपल्या खात्यात जमा झाल्याचे पाहावे. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. ‘पैसे पाठवतो, पिन टाका’ असे कोणी म्हणाला की तो पैसे देणारा नसून नेणारा आहे, हे ओळखावे.

चौथे, ‘यस’ आणि ‘नो’ समोर आले आणि प्रश्न कळला नाही, तर हात बाजूला घ्यावा. यंत्र थांबून राहील. त्याला घाई नसते, घाई आपल्याला असते.

कारागिरांची भीती

शिलाई करणारे बंधू विचारतात, रोबोट आला तर आमच्या सुईचे काय? ही भीती जुनी आणि खरी आहे. फ्रान्समध्ये तिमोनिये नावाच्या शिंप्याने १८३० साली शिलाईयंत्राचे पेटंट घेतले आणि पॅरिसमध्ये सैनिकांचे गणवेश शिवण्याचा कारखाना काढला. दुसऱ्याच वर्षी शिंप्यांनी तो फोडला. तिमोनिये गरिबीत वारला, पण शिलाईयंत्र थांबले नाही. १८४६ साली होवे, १८५१ साली सिंगर यांनी ते पुढे नेले. आज ज्या यंत्रावर आपली चूल चालते, ते त्या शिंप्यांनी मोडलेल्या यंत्राच्याच जातीचे आहे.

रोबोटला लोखंड सोपे जाते, कारण ते ठेवले तसे राहते. कापड मात्र वाकते, सरकते, ताणले जाते, आणि प्रत्येक थान वेगळे. म्हणून पूर्ण कपडा शिवणे त्याला अजून कठीण जाते. परंतु बेतणे आणि भरतकाम यांत कॉम्प्युटर केव्हाच आला आहे. एकाच साच्याचे काम पुढेही यंत्राकडे जाईल. अंगाचे माप, दुरुस्ती, गिऱ्हाइकाची पसंती हे हाताकडे राहील. भरतकामाच्या कॉम्प्युटरवरही धागा, रंग आणि ताण ओळखणारा कारागीरच लागतो. त्याला पडद्यावरील पंचवीस शब्द वाचता आले तर तो ऑपरेटर होतो, न आले तर मदतनीस राहतो. हुनर दोघांचे सारखेच, मजुरीत मात्र फरक पडतो.

रोबोट शब्दाचा अर्थ वेठबिगार, हे वर सांगितले. वेठ यंत्राने करावी, आपण नाही. त्यासाठी हुकूम आपला पाहिजे, आणि जो यंत्राचे चार शब्द वाचू शकत नाही तो हुकूम देऊ शकत नाही. आमची कच्ची वही अजून उर्दूतच चालते आणि चालत राहील. तिच्या शेजारी आता शब्दांची वहीही असते. आज दुकान बंद करताना आपल्या यंत्रावर डोळ्यांना दिसणारा पहिला इंग्रजी शब्द कागदावर उतरवून घरी न्यावा आणि मुलांना त्याचा अर्थ विचारावा. वहीचे पहिले पान तेथूनच सुरू होईल.