वाळूची दोन कामं

आज आपण वाघूर नदीच्या वाळूबद्दल बोलू. अजिंठ्याच्या डोंगरातून, लेण्यांच्या पायथ्याने ही नदी पहूरकडे उतरते आणि पुढे तापीला मिळते.

खानदेशातली जुनी घरं धाब्याची, माती-लाकडाची. त्यांना वाळू फारशी लागत नसे. सिमेंटचे स्लॅब आले आणि वाळू ब्रासवर विकू लागली. बैलगाडी गेली, ट्रॅक्टर आला, मग डंपर. वाघूरच काय, गिरणा, तापी, पांझरा, सगळ्या नद्यांत हेच झालं.

आपल्याला नेहमी विचारलं जातं, की राजस्थानात वाळूचे डोंगर आहेत, ती वाळू का आणत नाहीत? वाऱ्याने उडणारे कण एकमेकांवर घासून गोल आणि बारीक होतात. काँक्रीटला लहानमोठे, खडबडीत कण लागतात. ते नदी देते. म्हणून सगळा भार नदीवरच आला.

पण नदीत पडून असतानाही वाळू एक काम करतच असते. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. दाण्यांमधली पोकळी साधारण तीस टक्के धरली, तर त्यात सुमारे 850 लिटर पाणी मावतं. पूर ओसरल्यावर ते हळूहळू झिरपत काठच्या विहिरींना मिळतं, आणि दर पावसाळ्यात साठा पुन्हा भरतो. वाळू विकली एकदाच जाते. पाणी मात्र दरवर्षी कमी होतं. हा तोटा ब्रासच्या भावात कुठेच धरलेला नाही.

गेलेली वाळू परत येत नाही का? येते, पण सावकाश. आणि वर धरण असेल तर बरीचशी तिथेच अडते. गिरणेचं तेच झालं.

फेब्रुवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरपेक्षा लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली. 2023 मध्ये राज्याने डेपोतून 600 रुपये ब्रासने वाळू देण्याचं धोरण आणलं, 2025 मध्ये कृत्रिम वाळूचं. काळा पाषाण आपल्याकडे भरपूर, त्यामुळे क्रशरची वाळू आता बांधकामावर सर्रास दिसते.

तिने स्लॅब नीट पडतो. पण नदीतली रिकामी जागा ती भरत नाही. म्हणून वाळूचा विषय ग्रामसभेत निघाला, तर किती ब्रास उचलणार एवढंच विचारून थांबू नका. खाली किती फूट थर शिल्लक राहणार, हेही विचारा. काठच्या विहिरींचं पाणी त्या थरावर अवलंबून आहे.