हळद आपली खरी. परंतु जखमेस लावावयाची कोणती?

परभणी जिल्ह्यांत कोणाच्या पायास जखम झाली, कीं पहिली धांव घरांतील हळदीच्या डब्याकडे असते. यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. सुश्रुतानें व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. जखम भरण्याकरितां हळद वापरण्याचें पेटंट १९९५ सालीं अमेरिकेंत दिलें गेलें, तेव्हां डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालीं वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनें तें १९९७ सालीं रद्द करविलें. त्याचा अभिमान आम्हांसही आहे.

परंतु हा उपयोग नवा नाहीं, एवढेंच त्या निकालानें ठरलें. कोणती हळद, किती व कोणत्या जखमेस, हा प्रश्न तेथें नव्हताच. तो आपणच सोडवावयाचा आहे.

मोंढ्यांतील हळद खाण्यासाठीं उकडून, उघड्यावर वाळवून तयार केलेली असते. तिच्यांतील कुरकुमिनाचें प्रमाण वाणाप्रमाणें बदलतें. धुळीबरोबर जंतु येतात. आणि रंग खुलविण्यासाठीं शिसेयुक्त पिवळी पूड मिसळणारेही देशांत सांपडले आहेत. जात्यादि तेलांत मोरचूद पडतो. तो अदमासानें घातल्यास औषधच दाहक व्हावयाचें. दारुहळदीच्या नांवानें दुसऱ्याच वेलीचें लांकूड विकलें जातें. नांव एक आणि वस्तु अनेक, अशा स्थितींत गुण आला तर श्रेय कोणास द्यावें, व बिघडलें तर दोष कोणाचा?

मधुमेही रोग्याच्या पायाची संवेदना मंदावलेली असते. जखम दुखत नाहीं, म्हणून तो लेपावर दिवस काढतो, आणि शेवटीं पाय कापण्याची वेळ येते.

१९४० च्या औषध कायद्यांत आयुर्वेदीय औषधांचें प्रकरण १९६४ सालीं घातलें गेलें. सरकारी औषधिकोशही आहे. परंतु स्वतःच्या रोग्यांपुरतें औषध करणाऱ्या वैद्यास परवान्यांतून सूट आहे, आणि घरच्या वाटीस तर नियमच नाहीं. म्हणून आमची सूचना अशी : व्यापाऱ्यांनीं औषधी हळद खाण्याच्या हळदीपासून वेगळी ठेवून शिसें, जंतु व कुरकुमिन यांची तपासणी करवावी, आणि दाखला पोत्याबरोबर द्यावा. १९७२ पासून परभणींत असलेल्या कृषि विद्यापीठानें त्यास साह्य करावें. वैद्यांनीं दर आठवड्यास जखमेची लांबीरुंदी मोजून नोंद ठेवावी. औषध न लावतां केवळ स्वच्छ पट्टी बांधलेल्या जखमांशीं तिची तुलना व्हावी. जें औषध या कसोटीस उतरेल तें आनंदानें वापरावें. उतरणार नाहीं तें प्राचीन असलें तरी सोडावें. तोंपर्यंत, ज्याची पायाची जखम भरत नाहीं अशा मधुमेही रोग्यास डब्याकडे नव्हे, रुग्णालयाकडे न्यावें.