कोंबडीच्या दाण्यात मुंगीचे अम्ल

मुंगळा चावला की कशी आग होते, हे तुम्हांला ठाऊक असेलच. चावताना तो जखमेवर एक अम्ल सोडतो. सतराव्या शतकात जॉन रे या इंग्लिश निसर्गशास्त्रज्ञांनी मुंग्यांच्या ऊर्ध्वपातनातून मिळणाऱ्या या अम्लाचे वर्णन केले. मुंगीला लॅटिनमध्ये ‘फॉर्मिका’ म्हणतात, म्हणून ते फॉर्मिक अम्ल. हेच अम्ल आज कोंबड्यांच्या खाद्यात मिसळतात. (ते कारखान्यात बनते, त्यासाठी मुंग्या उकळाव्या लागत नाहीत!) पण खाद्यात अम्ल कशासाठी?

कोंबडीखाद्यात मका, सोयाबीनची पेंड, कधी सुक्या मासळीची भुकटी असते. त्यांच्याबरोबर साल्मोनेला नावाचे जंतू येऊ शकतात. पुष्कळदा कोंबडी ठणठणीत दिसते; पण तिच्या कच्च्या राहिलेल्या मांसातून हे जंतू माणसाच्या पोटात गेले, की जुलाब आणि ताप सुरू होतो. १९७० च्या सुमारास पेरू देशातील मासळीच्या भुकटीबरोबर साल्मोनेलाचा ‘अगोना’ हा प्रकार अमेरिका, ब्रिटन, नेदरलँड्स आणि इस्राएलपर्यंत पोहोचला व कोंबड्यांमार्फत माणसांत पसरला.

वाफेवर तापवलेल्या खाद्यातले जंतू मरतात. पण खाद्य निवल्यावर धुळीतून किंवा उंदराच्या लेंड्यांतून नवे जंतू शिरले, तर उष्णतेचा काय उपयोग? अम्ल मात्र खाद्यात टिकून राहते.

मग हायड्रोक्लोरिक अम्लासारखे जबरदस्त अम्लच का वापरू नये? खरी गंमत इथेच आहे. जंतूचे पटल स्निग्ध पदार्थाचे असते आणि विद्युत्भार असलेल्या कणांना ते सहजी आत घेत नाही. तीव्र अम्लाचे रेणू पाण्यात पुरते फुटून भारित होतात, म्हणून ते दाराबाहेरच राहतात. फॉर्मिक, प्रोपिऑनिक अशी सौम्य सेंद्रिय अम्ले पूर्णपणे फुटत नाहीत. त्यांचे अखंड रेणू भारहीन असल्यामुळे पटलातून गुपचूप आत जातात. जंतूच्या पोटात पीएच ७ च्या आसपास असतो. तेथे मात्र हे रेणू फुटतात आणि हायड्रोजनचे आयन मोकळे होतात. ते बाहेर काढता काढता जंतूची शक्ती संपते. शिवाय अम्लाचा उरलेला भाग आत साचतो, तो वेगळाच.

पीएच ५ असताना प्रोपिऑनिक अम्लाचे शंभरांपैकी सुमारे ४३ रेणू अखंड असतात, फॉर्मिकचे जेमतेम ५. म्हणून दोन्ही अम्ले एकत्र वापरण्याची पद्धत आहे.

अडचणीही आहेतच. अम्लाने यंत्रांचे लोखंड गंजते आणि वासाने नाक झोंबते; म्हणून काही ठिकाणी त्याचे कॅल्शियम क्षार वापरतात. (पावाला बुरशी लागू नये म्हणून घालतात ते कॅल्शियम प्रोपिओनेट यांतलेच.) कोरड्या खाद्यात पाणी फार कमी, त्यामुळे तेथे अम्लाचे काम हळू चालते. कोंबडीने दाणा टिपला, तो तिच्या गळ्याखालच्या पिशवीत भिजला, की अम्लाला हवे असलेले पाणी मिळते.