टीव्हीवरचं आमचं मेनूकार्ड

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

मैत्रिणींनो, हातातलं काम चालू ठेवा, पण कान इकडे द्या. बचत गटाची खानावळ, चहाची टपरी, नाश्त्याचा गाडा किंवा घरगुती पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या बायकांसाठी आजचं बोलणं आहे. घरातल्या साध्या टीव्हीवर आपल्या पदार्थांची यादी आणि दर कसे लावायचे, ते आम्ही सांगणार आहोत. आम्ही काही कॉम्प्युटर शिकलेल्या नाही. चुकत चुकत शिकलो, म्हणून आमच्या चुकाही सांगतो. तुमच्या तरी वाचतील.

आमच्या गटाची खानावळ एस.टी. स्टँडच्या रस्त्याला आहे. पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, थालीपीठ, ठेचा, ताक असं साधं जेवण. सुरुवातीला तालुक्याहून फ्लेक्सचा बोर्ड छापून आणला होता. सहा महिन्यांत शेंगदाणे महागले, तेल महागलं, सिलिंडर महागला. बोर्ड मात्र तोच. मग जुन्या दरावर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. वाफेनं चिठ्ठ्या सुटायच्या आणि खालचा जुना दर पुन्हा डोकं वर काढायचा. शेवटी एका ताईंनी घरातला जुना बत्तीस इंची टीव्ही आणून दिला आणि एका सभासदाच्या मुलानं त्यावर मेनू लावून दिला. दिसायला झकास होता. आम्हाला वाटलं, सुटलो.

पण मुलगा नोकरीला पुण्याला गेला. मेनूची फाइल त्याच्या फोनमध्ये, पासवर्ड त्याच्याच डोक्यात. इकडे बैठकीत आम्ही थाळीचा दर ११० वरून १२० केला, टीव्हीवर मात्र ११० च राहिले. गल्ल्यावर आमच्या आक्का होत्या. आक्कांना वाचता येत नाही, पण हिशोब तोंडपाठ. त्यांनी ठरल्याप्रमाणे १२० मागितले. गिऱ्हाईक टीव्हीकडे बोट दाखवून चारचौघांत म्हणालं, "म्हातारे, दहा रुपये कुणाच्या खिशात घालतेस?" आक्कांनी दहा रुपये परत दिले, पदर डोळ्याला लावला आणि दोन दिवस खानावळीत पाय ठेवला नाही.

चूक आक्कांची नव्हती आणि गिऱ्हाइकाचीही नव्हती. चूक आमची होती. जी वस्तू आपल्याला बदलता येत नाही ती आपण भिंतीवर टांगली होती. त्या दिवशी ठरवलं, मेनू आपणच करायचा आणि आपणच बदलायचा.

काय काय लागतं?

यूएसबीची खाच असलेला टीव्ही, एक पेन ड्राइव्ह आणि एक स्मार्टफोन. यूएसबीची खाच टीव्हीच्या मागे किंवा बाजूला असते, पेन ड्राइव्ह बसेल एवढी. फोनमधून पेन ड्राइव्हमध्ये चित्रं टाकायला ओटीजी नावाची छोटी जोडणी लागते. ती मोबाइलच्या दुकानात मिळते. घेताना फोन सोबत न्या, म्हणजे पिन जुळते की नाही ते तिथंच कळतं.

इंटरनेटवरून, वाय-फाय लावूनही मेनू दाखवता येतो. पण आपल्याकडे रेंज कधी असते, कधी नसते. पेन ड्राइव्हला रेंज लागत नाही, म्हणून आम्ही तोच धरला.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. यासाठी कर्ज काढून नवा टीव्ही घेऊ नका. टीव्ही नसेल तर काळा फळा आणि खडू पुरेसा आहे. घरात पडून असलेला टीव्ही असेल, तरच हा उद्योग.

मेनूचं पान कसं करायचं?

टीव्हीवर मेनू म्हणजे दुसरं काही नाही, आडवं चित्र. अशी तीन-चार चित्रं एकामागून एक फिरतात. फोनवर कॅनव्हा किंवा गूगल स्लाइड्ससारखं अ‍ॅप घ्या. त्यात प्रेझेंटेशनचं आडवं पान निवडा. रुंदी १६ भाग आणि उंची ९ भाग असं ते पान असतं आणि आजच्या टीव्हीचा पडदाही त्याच मापाचा असतो. उभं पान केलंत तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात आणि अक्षर बारीक होतं.

मराठी टाइप करायला जड जात असेल तर कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोला, अक्षरं उमटतात. मात्र उमटलेलं वाचून घ्या. 'खर्डा' बोलावं आणि भलतंच काही उमटावं, असं होतं. अक्षरासाठी 'मुक्ता' किंवा 'बालू' हे फाँट चांगले. दोन्ही मुंबईच्या एक टाइप या संस्थेनं केलेले आणि फुकट आहेत. जोडाक्षरं नीट उमटतात आणि लांबून वाचता येतात.

पान तयार झालं की ते जेपीजी प्रकारचं चित्र म्हणून उतरवून घ्या. पेन ड्राइव्हवरची जेपीजी चित्रं बहुतेक सगळे टीव्ही वाचतात. आणखी एक फायदा असा की चित्र झाल्यावर अक्षर मोडत नाही. नुसती लिहिलेली फाइल दुसऱ्या यंत्रावर नेली की कधी कधी मराठीच्या जागी चौकोन दिसतात, तसं इथं होत नाही. गूगल स्लाइड्समध्ये फोनवर चित्र उतरवायला अवघड वाटलं तर पान पडदाभर करून स्क्रीनशॉट काढा. काम भागतं.

अक्षर केवढं?

इथं बहुतेक जणी चुकतात, आम्हीही चुकलो. फोनवर छान दिसलं म्हणून एका पानावर वीस पदार्थ घातले. टीव्हीवर मुंग्या दिसायला लागल्या.

पाट्या रंगवणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे. दहा फुटांवरून सहज वाचायचं तर अक्षर एक इंच उंच हवं. बत्तीस इंची टीव्हीचा पडदा उभा मोजला तर जेमतेम सोळा इंच भरतो. त्यात मथळा आला, दोन ओळींमधली मोकळी जागा आली. म्हणजे एका पानावर सात-आठच ओळी. जास्त पदार्थ असतील तर पानं वाढवा, अक्षर कमी करू नका.

पदार्थ डावीकडे, दर उजवीकडे, सगळे दर एका सरळ रेषेत. गडद जमिनीवर पांढरं किंवा पिवळं अक्षर ठेवा. काळ्यावर लाल अजिबात नको, लांबून दिसत नाही. चारी कडांना चार बोटं जागा मोकळी सोडा, कारण काही टीव्ही चित्राची कड कापतात. आमच्या पहिल्या पानावर दराचा शेवटचा शून्यच कापला गेला होता आणि थाळी १२ रुपयांना दिसत होती! असं झालं तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचा आकार बदलूनही पाहा.

फोटो आपल्याच ताटाचे

इंटरनेटवरून सुंदर थाळीचा फोटो उचलायचा मोह होतो. आम्ही उचलला होता. त्यात चार वाट्या, पापड आणि गुलाबजाम. आमच्या थाळीत दोन वाट्या. गिऱ्हाइकानं विचारलं, "बाकीचं कुठंय?" शिवाय तो फोटो दुसऱ्या कुणाचा तरी असतो, न विचारता वापरणं बरोबर नाही. आपलंच ताट दाराजवळ सकाळच्या उजेडात ठेवा आणि वरून फोटो काढा. जे वाढतो तेच दिसलं पाहिजे.

पदार्थात काय आहे तेही थोडक्यात लिहा. शेंगदाण्याचा कूट आपण सगळ्यात घालतो, पण काहींना शेंगदाणा सोसत नाही, जिवावर बेतू शकतं. अंडं, मटण असेल तर शाकाहारी पदार्थांचं पान वेगळं ठेवा. आणि अन्न सुरक्षेच्या नोंदणीचा १४ अंकी क्रमांक एका पानावर मोठा दिसू द्या. नोंदणीचा कागद भिंतीवर असतोच, पण टीव्हीवरचा क्रमांक पाहून नवं गिऱ्हाईक विश्वासानं बसतं.

टीव्हीवर लावताना

पेन ड्राइव्ह मेनूसाठी वेगळाच ठेवा. आम्ही घरातला जुना वापरला आणि थाळी, चहा यांच्यामागून एका सभासदाच्या लेकीच्या हळदीचे फोटो पडद्यावर फिरायला लागले. जेवणारे खूश, लेक मात्र रागावली. टीव्ही पेन ड्राइव्ह ओळखत नसेल तर तो फॅट-३२ या पद्धतीनं फॉरमॅट करावा लागतो. त्यात सगळं पुसलं जातं, म्हणून आधी आतलं काढून ठेवा.

चित्रांना नावं आकड्यांत द्या, शून्य-एक, शून्य-दोन अशी. बहुतेक टीव्ही त्याच क्रमानं दाखवतात. एकीच्या फोनवरून दुसरीच्या फोनवर चित्र पाठवायचं असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की चित्र दाबलं जातं आणि अक्षरं पुसट होतात.

पेन ड्राइव्ह लावला की रिमोटवरून फोटो उघडा आणि स्लाइड शो सुरू करा. वेग सगळ्यात हळू ठेवा. आमची रीत अशी की एकीनं पान सावकाश मोठ्यानं वाचायचं. तिचं वाचून होण्याआधी पान पालटलं तर वेग जास्त आहे. एका पानाला पंधरा-वीस सेकंद बरे. टीव्हीत एवढा हळू वेग नसेल तर चित्रांचा व्हिडिओ करून तो पुन्हा पुन्हा चालू ठेवता येतो.

काही टीव्ही चार तास रिमोट दाबला नाही की आपोआप बंद होतात. ऐन जेवणाच्या वेळी पडदा काळा झाला म्हणून घाबरू नका, सेटिंगमध्ये आपोआप बंद होण्याची सोय काढून टाका. टीव्ही चुलीच्या धुरापासून आणि फोडणीच्या तेलापासून लांब हवा, दारातलं ऊन पडद्यावर पडू नये. उजेड शंभर टक्के ठेवू नका आणि एकच चित्र दिवसभर स्थिर ठेवू नका, पडद्यावर त्याचा डाग राहू शकतो. विजेचा हिशोब सांगायचा तर पन्नास वॅटचा टीव्ही रोज दहा तास चालला तर अर्धं युनिट, महिन्याला पंधरा. बिलात तेवढं धरा. लाइट गेली तर काय? आमचा फळा अजून दाराशी आहे.

कोण बदलणार, कधी बदलणार?

मैत्रिणींनो, चित्र करणं सोपं आहे. ते रोज खरं ठेवणं हेच खरं काम. आम्ही चार नियम केले.

एक, अ‍ॅपचं खातं गटाच्या ईमेलवर. पासवर्ड गटाच्या वहीत, वही कपाटात. कुणी लग्न होऊन गेली, कुणी नोकरीला गेली, तरी मेनू गटाकडेच राहतो.

दोन, किमान तिघींना मेनू बदलता आला पाहिजे. आमच्यात सातवीत शाळा सुटलेली सून आता सगळ्यांत पटकन बदलते.

तीन, दर बैठकीत बदलला की आधी टीव्हीवर बदलायचा, मगच गल्ल्यावर मागायचा. टीव्हीवर जुना दर राहिला असेल तर जुनाच दर घ्यायचा. दहा रुपयांचं नुकसान गटाचं, बोलणी मात्र कुणा एकीला खावी लागू नयेत.

चार, संपलेला पदार्थ पडद्यावर ठेवायचा नाही. त्यासाठी पानं आधीच करून ठेवली आहेत. रोजचं पान, आठवडी बाजाराचं पान आणि एकादशीचं पान, ज्यावर भगर, शेंगदाण्याची आमटी आणि साबुदाण्याची खिचडी आहे. हवं ते पान ठेवायचं, नको ते काढायचं.

आता आक्कांचं सांगते, म्हणजे आम्ही सगळ्याच सांगतो. आम्ही त्यांच्या घरी गेलो, चूक कबूल केली. त्या आल्या, पण म्हणाल्या, "त्या डब्यात काय लिवलंय ते मला कळाय पायजे." म्हणून प्रत्येक पदार्थाशेजारी त्याचा छोटा फोटो घातला. आकडे आक्कांना येतातच. आता सकाळी खानावळ उघडली की आक्काच रिमोट दाबतात, पदार्थाचं चित्र आणि दर एकेक करून मोठ्यानं म्हणतात आणि आम्ही वहीशी ताडून पाहतो. दोन मिनिटांचं काम आहे. ते झाल्याशिवाय पहिलं गिऱ्हाईक घेत नाही.

तुमच्या गटात टीव्ही असेल तर येत्या बैठकीत एकच पान करून बघा. पाच पदार्थ, पाच दर. दहा फूट लांब उभं राहून गटातल्या सगळ्यात वयस्कर बाईला वाचायला सांगा. तिला जमलं तर गिऱ्हाइकालाही जमेल. अडलं तर केंद्रावर येऊन विचारा, आमच्यातली कुणी ना कुणी भेटेलच.