उबे आणि माचा : रंगीत दुधाच्या धंद्यात नफा कशात?

मोठ्या शहरांतील कॉफीच्या दुकानांत सध्या दोन रंगांची चलती आहे. एक हिरवा माचा लाटे, दुसरा जांभळा उबे लाटे. लाटे हा इटालियन शब्द. त्याचा अर्थ दूध. म्हणजे दोन्ही पेये मुळात दुधाचीच. घनसावंगीसारख्या तालुक्याच्या गावी यांचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु पुण्या-मुंबईत शिकणारी मुले सुट्टीत घरी येतात, मोबाईलवर हे रंगीत पेले दाखवतात आणि चहाचे हॉटेल चालवणाऱ्या अब्बांना म्हणतात, "आपणही हे ठेवू या." भांडवल घालण्यापूर्वी मालाची माहिती असावी, म्हणून आम्ही ही तुलना मांडत आहोत.

प्रथम माचा. हा चहाच आहे, पण जपानी पद्धतीचा. तोडणीपूर्वी सुमारे तीन ते चार आठवडे चहाची झुडपे सावलीत झाकून ठेवतात. पाने वाफवून सुकवतात, देठ व शिरा काढतात आणि उरलेला भाग दगडी जात्यावर दळतात. असे एक जाते तासाला जेमतेम 30 ते 40 ग्रॅम भुकटी देते. क्योटोजवळचे उजी आणि आइची प्रांतातील निशिओ ही त्याची नावाजलेली ठिकाणे. जगभर मागणी इतकी वाढली की 2024 च्या शरदात जपानमधील काही जुन्या पेढ्यांना विक्रीवर मर्यादा घालावी लागली. थोडक्यात, हा माल आपल्याकडे पिकत नाही व त्याचा भावही आपल्या हाती नाही.

आता उबे. हे फिलिपाइन्समधील नाव ऐकून बिचकण्याचे कारण नाही. उबे म्हणजे जांभळा कंद, आपले कोनफळ. दोघांची वनस्पती एकच. गुजराती व्यापारी त्यालाच रताळू म्हणतात आणि हिवाळ्यात उंधियोसाठी विकतात. येथे खरेदीत घोटाळा होतो, कारण आपले रताळे निराळे. शिवाय कोनफळात पांढऱ्या गराचेही वाण असतात. म्हणून एक कंद कापून, रंग पाहूनच माल घ्यावा. वाण वेगळा असल्याने फिलिपाइन्सच्या मालासारखा सुगंध हुबेहूब येईलच असे नाही.

फिलिपाइन्समध्ये कंद उकडून, कुस्करून, दूध, साखर व लोणी घालून आटवतात. त्याला हलाया म्हणतात. आपल्या हलवायाला ही रीत शिकवावी लागणार नाही. गाजराचा हलवा करणारा हात हेही करील. कंद मात्र पूर्ण शिजलाच पाहिजे. कच्चा राहिल्यास घशाला खाज सुटते. तयार गर चमचा-दीड चमचा घेऊन गरम वा थंड दुधात घोटला की पेय तयार.

चवीत फरक मोठा आहे. माचा कडसर, हिरव्या पानाच्या वासाचा. आपल्या गोड चहाच्या सवयीला तो एकदम रुचेल असे नाही. कोनफळ सौम्य व गोडसर. माचात कॅफीन असते, कारण सारे पानच पोटात जाते. कोनफळात ते नसते. कॉफी मिसळली नाही तर रमजानात इफ्तारनंतर लहान मुलांनाही देता येईल.

आता हिशेब. एका पेल्याला 2 ग्रॅम माचा धरला तर 30 ग्रॅमच्या डबीत 15 पेले होतात. समजा डबी 900 रुपयांना पडली, तर पेल्यामागे नुसत्या भुकटीचे 60 रुपये झाले. दूध, साखर, गॅस वेगळे. उघडलेली डबी हवा व उजेड लागून फिकी पडते, हा तोटा आणखी. उलट 1 किलो कोनफळ समजा 100 रुपयांना घेतले आणि सालपट जाऊन त्यात 20 पेले निघाले, तर पेल्यामागे कंदाचे 5 रुपये. आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या बाजाराचा भाव घालून हिशेब पुन्हा करावा.

दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. बाजारात 'उबे' नावाने अर्क मिळतात. त्यांतील काहींत कंद नाममात्र, बाकी रंग व सुगंध असतो. काही अर्क अल्कोहोलमध्ये बनवलेले असतात. बाटलीवरील घटकांची यादी वाचल्याशिवाय माल घेऊ नये. दुसरे, जालन्याची मोसंबी प्रसिद्ध असल्याने अनेकांकडे रसाचाही धंदा आहे. रसाचे भांडे न धुता त्यात हे दूध घोटू नये. आंबटपणाने दूध फाटते आणि जांभळा रंग तांबूस होतो.

आमचे मत असे की, घनसावंगीत माचाची डबी घेऊन बसण्यापेक्षा हिवाळ्यात किलोभर जांभळे कोनफळ आणून आठ दिवस छोट्या पेल्यात विकून पाहावे. महागडे यंत्र नको, कर्ज तर नकोच. पातेले, रवी आणि फ्रीज पुरे. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आले तर माल वाढवावा, न आले तर उरलेल्या कंदाचा हलवा करावा. तो वाया जाणार नाही. माचाच्या डबीचे तसे नाही. नवा धंदा पारखताना नफा किती हे तर पाहावेच, पण फसला तर हाती काय उरते, हेही आधी पाहावे.