‘माराचा मृत्यू’ आपल्याला कसं वळवतं

झाक-लुई दाव्हिदचं हे चित्र आपण कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. टबात कलंडलेला माणूस, डोक्याला फडकं, एका हातात कागद, दुसरा हात खाली लोंबतोय आणि त्यात लेखणी अजून तशीच. कोण, कशाने मेला हे ठाऊक नसलं तरी बघताक्षणी वाईट वाटतं. हे वाईट वाटणं पद्धतशीर घडवलेलं आहे. कसं, ते क्रमाने पाहू. शक्य असेल तर चित्र मोठ्या पडद्यावर उघडा. मोबाइलवर त्यातली अक्षरं निसटतात आणि त्यांच्याशिवाय निम्मी गोष्ट कळत नाही.

आधी घटना. ज्याँ-पोल मारा हा फ्रेंच क्रांतीतला पत्रकार आणि ‘कन्व्हेन्शन’चा, म्हणजे त्या वेळच्या राष्ट्रीय प्रतिनिधिसभेचा सदस्य. क्रांतीच्या शत्रूंची मुंडकी उडवा, असं तो उघड लिहायचा. त्वचेच्या विकारामुळे टबात बसूनच त्याचं काम चाले. १३ जुलै १७९३ रोजी काँ शहरातून आलेल्या शार्लोत कोर्दे या तरुणीने त्याला तिथेच चाकूने भोसकलं. दाव्हिदही कन्व्हेन्शनचा सदस्य आणि माराच्याच गोटातला. दुसऱ्याच दिवशी भर सभागृहात त्याच्याकडे या चित्राची मागणी झाली.

इथेच बहुतेकांची पहिली चूक होते: चित्र इतकं साधं दिसतं की आपण ते घटनेचा पुरावा म्हणून बघू लागतो. रंगवणारा पक्षाचा माणूस होता, हे लक्षात ठेवूनच पुढे जाऊ.

आता थोडं लांबून बघा. वरचा जवळजवळ अर्धा भाग नुसती काळपट भिंत आहे. खिडकी नाही, सामान नाही, माणसं नाहीत. नजरेला दुसरीकडे जायला जागाच नसल्यामुळे ती खाली, उजेडातल्या देहावर येऊन थांबते.

मग देह. उजेड चेहरा, खांदा आणि दंडावर पडलाय. जखम आहे, पण लहानशी. त्वचाविकाराचा जवळपास मागमूस नाही; चेहरा झोपल्यासारखा शांत. लोंबता हात नीट पाहा. क्रूसावरून उतरवलेल्या येशूचा हात युरोपातल्या चित्रा-शिल्पांत शतकानुशतकं असाच लोंबत आलाय; मायकेलअँजेलोच्या ‘पिएता’तही तो दिसतो. १७९३च्या शरदात फ्रान्समध्ये चर्चना कुलपं लागत होती, पण चर्चमध्ये घडलेली नजर थोडीच बदलली होती! देवाचं नावही न घेता दाव्हिदने मारासाठी हुतात्म्याची जागा करून ठेवली.

यानंतर अक्षरं वाचायची. माराच्या हातातल्या पत्रावर तारीख आहे, कोर्देचं पूर्ण नाव आहे आणि मजकुराचा आशय असा: मी दुःखी आहे, एवढ्यानेच मला तुमच्या दयेचा हक्क पोचतो. मला विचाराल तर सबंध चित्रातला सगळ्यात धूर्त तुकडा हाच. पत्र माराने स्वतः वाचायला धरलेलं नाही, त्याची अक्षरं आपल्याकडे वळवलेली आहेत. ते वाचून निष्कर्ष आपणच काढतो, की दयाळू माणसाला फसवून मारलं. आपणच काढलेला निष्कर्ष असल्यामुळे त्यावर शंका घ्यायचं सुचत नाही. प्रत्यक्षात कोर्देला आत घेतलं ते काँमधल्या क्रांतिविरोधकांची नावं सांगते म्हणाली म्हणून. पण त्या यादीचा चित्रात पत्ता नाही. याद्या करणारा मारा आणि दया करणारा मारा एका टबात मावले नसते.

शेजारच्या लाकडी खोक्यावर आणखी एक चिठ्ठी आहे आणि तिच्यासोबत ‘आसिन्या’, म्हणजे क्रांतिकाळातली कागदी नोट. ही नोट पाच मुलांच्या आईला द्या, तिचा नवरा देशासाठी मेलाय, असं चिठ्ठी सांगते. मरतानाही दान चालू होतं, हे न बोलता पटतं. त्याच खोक्यावर ठळक अक्षरांत ‘मारास, दाव्हिदकडून’ असं अर्पण आहे. त्यामुळे साधं खोकं थडग्याच्या शिळेसारखं दिसू लागतं.

आता काय नाही ते शोधा. बघणारे सहसा इथे कमी पडतात, कारण डोळा असलेल्या गोष्टींवरच फिरतो. मारेकरी चित्रात नाही. झटापट नाही. कोर्दे उरलीय पत्रातल्या नावापुरती आणि जमिनीवर पडलेल्या रक्ताळलेल्या चाकूपुरती. ती समोर असती तर तिचा चेहरा, वय, निर्धार दिसला असता आणि आपण दोन बाजू तोलू लागलो असतो.

चित्र लावलं कुठे, यालाही महत्त्व आहे. नोव्हेंबर १७९३मध्ये दाव्हिदने ते कन्व्हेन्शनला दिलं. जानेवारीत खून झालेला सदस्य लपेलतिये याचंही चित्र त्याने काढलं होतं. दोन्ही सभागृहात लागली. म्हणजे प्रतिनिधी मतं द्यायचे ते या दोन मृतांच्या समोर. पुढे क्रांतीचा नेता रोबेस्पिएर सत्तेवरून पडला, वारं फिरलं, दाव्हिद तुरुंगात गेला आणि १७९५मध्ये चित्र त्याला परत करण्यात आलं. आज ते ब्रुसेल्सच्या शाही कलासंग्रहालयात आहे.

ही लबाडी कळली की चित्र खोटं म्हणून बाजूला सारायचा मोह होतो. तसं करू नका. त्यापेक्षा पोल बोद्रीने १८६०मध्ये याच खुनावर काढलेलं चित्र शेजारी ठेवून पाहा. तिथे कोर्दे ताठ उभी आहे, तिच्यामागे भिंतीवर फ्रान्सचा नकाशा आहे आणि मारा टबात मागे कोसळलाय, चाकू छातीतच.