तात्पुरते निवारे : लेखांक ५ — गोठलेल्या तळ्यावरचे खेळकर खोपटे

या लेखमालेत आतापर्यंत विचार झालेले सर्व निवारे जमिनीवर उभे होते. या लेखांकातील निवाऱ्याखाली मात्र गोठलेले तळे असते. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात हिवाळ्यात तळी गोठली, की मासेमारीचे शौकीन छोटी लाकडी खोपटी बर्फावर ओढून नेतात, खोपट्याच्या तळात राखलेल्या झडपेखाली गिरमिटाने बर्फाला भोक पाडतात आणि त्यातून गळ सोडून तासन् तास बसतात. ४ अंश सेल्सिअसला पाण्याची घनता सर्वाधिक असते, त्यामुळे त्याहून थंड झालेले पाणी वर राहून आधी गोठते आणि खालच्या पाण्यात मासे तग धरतात.

अशा खोपट्याची रचना वजनापासून सुरू होते. एका माणसाला पायी जाण्यासाठी नव्या, पारदर्शक बर्फाची जाडी किमान १० सेंटिमीटर असावी, असे तेथील नैसर्गिक संसाधन विभाग सांगतो. हिममिश्रित बर्फाचा पांढरट थर त्या मानाने दुबळा असल्यामुळे त्याची जाडी दुप्पट लागते. म्हणून सांगाडा हलका, तळाला घसरपट्ट्या आणि त्यांच्याखाली लाकडी ठोकळे हवेत, अन्यथा आतल्या शेगडीच्या उबेने वितळलेले पाणी रात्री पुन्हा गोठते आणि खोपटे जागीच जखडून बसते. शेगडी असली, की हवा खेळती राहण्यासाठी झरोकेही लागतात, कारण कोंदट खोलीत साचणारा कार्बन मोनॉक्साइड वायू गंध नसलेला आणि जीवघेणा असतो.

खेळकरपणा या अटींवर वरून चढवायचा साज नव्हे. तो अटींतूनच निघाला तर टिकतो. याचे उत्तम उदाहरण म्हणजे भाल्याने मासे टिपण्यासाठी बांधलेले बिनखिडकीचे अंधारे खोपटे. दार लावून आत पूर्ण काळोख केला, की बाहेर बर्फावर पडलेला सूर्यप्रकाश बर्फातून झिरपून पाण्यात उतरतो आणि भोक खालून उजळते. त्या हिरवट चौकोनात तळाची वनस्पती, दोरीला बांधून हलवलेला लाकडी नकली मासा आणि त्याला भुलून येणारा खरा मासा स्पष्ट दिसतात. मुलांसाठी खोपटे रचणाऱ्याने रंगीत दिव्यांचा खर्च करण्यापूर्वी हा काळोख आवर्जून वापरून पाहावा.

मासेमारीच्या या वास्तुप्रकाराला कलेकडे वळवण्याचा प्रयोग २००४ साली मिनियापोलिसजवळच्या मेडिसिन लेकवर ‘आर्ट शँटी प्रोजेक्ट्स’ या नावाने सुरू झाला. तेथील कलावंतांच्या खोपट्यांत गळ टाकला जात नाही, तर लोक नाचतात, वस्तू हाताळतात, अनोळखी माणसांशी बोलतात; नाचणाऱ्यांच्या अंगची ऊबच तेथे शेगडीचे काम बऱ्याच अंशी करते. पुढे हा उपक्रम लेक हॅरिएटवर गेला आणि २०२० साली बर्फ भरवशाचा नसल्यामुळे खोपटी काठावर मांडावी लागली. हवामान तापत असताना या कलेचा आधारच पातळ होत आहे, ही खरी चिंतेची बाब आहे.

कॅनडातील विनिपेगच्या गोठलेल्या नदीवर पॅटकाऊ आर्किटेक्ट्स या संस्थेने स्केटिंग करणाऱ्यांसाठी उभारलेले निवारे मासेमारीचे नाहीत, पण रचनेचा धडा तोच देतात. सुमारे ५ मिलिमीटर जाडीच्या लवचिक प्लायवूडचे दोन थर वाकवून त्यांचे कवच केले होते. पूर्ण आकाराच्या नमुन्यांवर ताण कोठे येतो ते आधी पाहून तेथे चिरा आणि उघड्या जागा ठेवल्या गेल्या, त्यामुळे वाऱ्यात कवच डुलते, करकरते आणि अंगावरचे हिम झटकते. वाऱ्याला विरोध करणारी भिंत येथे वाऱ्याची सोबतीण होते.

दोन गोष्टी शेवटपर्यंत सोडता येत नाहीत. मिनेसोटाच्या नियमानुसार आत माणूस असताना खोपट्याचे दार बाहेरून उघडता आलेच पाहिजे आणि मार्च महिन्यातील ठरलेल्या मुदतीपूर्वी खोपटे तळ्यावरून हलवलेच पाहिजे. म्हणून सांधे खिळ्यांनी ठोकण्याऐवजी बोल्टने आवळावेत आणि त्यांचे नट जाड हातमोज्यांतल्या बोटांनीही फिरवता येतील एवढे मोठे घ्यावेत.